शेत मोजले, घर राहिले

खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे प्राचीन काळची पलाशिका. बनवासीच्या कदंब राजांचे ते एक प्रमुख नगर होते. तेथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एकात राजा मृगेशवर्मा याचे दान नोंदलेले आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या या राजाने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय उभारले आणि त्यास ३३ निवर्तने जमीन दिली. ती जमीन कोणत्या नदीपासून कोणत्या संगमापर्यंत, हेही त्यात सांगितले आहे. जिनालयाची लांबीरुंदी किती, शिखर किती उंच, याविषयी मात्र ताम्रपट मुका आहे.

श्रोतेहो, जमीन मोजावी आणि इमारत तशीच सोडावी ही रीत पुढेही फार काळ चालली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्याने इंदापूर तालुक्यात नव्या जमीन मोजणीस आरंभ केला. विंगेट याने तिला व्यवस्थित रूप दिले. पुढे बेळगाव-धारवाडकडील शेतेही त्याच पद्धतीने मोजली गेली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. परंतु सरकारला सारा मिळे तो शेतातून; गावठाणातून मिळत नसे. म्हणून शेताला सर्व्हे नंबर लाभला आणि घर बिनमापाचे राहिले. भावाभावांत वाटणीचा तंटा उभा राहिला किंवा घरावर कर्ज काढण्याची वेळ आली, म्हणजे घरपट्टीच्या पावतीवाचून आणि शेजाऱ्याच्या साक्षीवाचून दाखविण्यासारखे काही नसे.

इमारत मोजणे हे कामही तसे जिकिरीचेच. १८५८ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथील भव्य चर्चचे मोजमाप घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. त्या प्रसंगातून त्याला एक विचार सुचला. माणसाने भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरूनच माप का घेऊ नये? दोन ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत एकच कोपरा दिसला, तर भूमितीच्या साहाय्याने त्याचे स्थान निश्चित करता येते. या तत्त्वावर १८८५ मध्ये बर्लिनमध्ये स्वतंत्र संस्था निघाली आणि तिने शेकडो इमारतींची छायाचित्रे जतन केली.

आजचे ड्रोन हे त्याच विचाराचे अपत्य होय. हे चिमुकले विमान एकमेकांवर चढणारी असंख्य छायाचित्रे टिपते आणि संगणक त्यांतून वास्तूची त्रिमिती प्रतिकृती उभी करतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण खाते याच साधनाने गावठाणे मोजू लागले. आधी गावकरी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढतात, मग ड्रोन उडते. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतील ७६३ गावांच्या मिळकत पत्रिका वाटपास निघाल्या. त्यांत महाराष्ट्रातील १०० गावे होती, कर्नाटकातील अवघी २.

अशा मापाची खरी किंमत आपत्तीच्या वेळी कळते. पॅरिसच्या नोत्र दाम या प्रार्थनामंदिराचे अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये लेसर किरणांनी मापन केले आणि सुमारे एक अब्ज बिंदूंची नोंद करून ठेवली. २०१८ मध्ये ते निवर्तले. १५ एप्रिल २०१९ रोजी मंदिराचे लाकडी छप्पर जळून गेले आणि मनोरा कोसळला. पुनर्बांधणी करणाऱ्यांना त्या नोंदीचा मोठा आधार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले.

ड्रोनच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहेत. त्याला छप्पर दिसते. छपराखालचे खांब, तुळया आणि देवघर दिसत नाही. दाट झाडीखाली दडलेले घर त्याच्या नजरेतून निसटते. तेथे आजही फीत घेऊन माणसालाच आत जावे लागते. शेजाऱ्यांत हद्दीचा वाद असेल, तर चुन्याची रेघ कोठे ओढावी हेही यंत्र सांगू शकत नाही.

हलशीचे भूवराह-नरसिंह मंदिर समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांसह शतकानुशतके सह्याद्रीचा पाऊस झेलीत उभे आहे. त्याच पावसात आसपासच्या गावांतील मातीच्या भिंती आणि कौलारू छपरेही भिजत असतात. दगड टिकतो म्हणून मंदिराची चिंता थोडी कमी. मातीची भिंत एखाद्याच श्रावणात बसते, आणि मग घर कोठवर होते हे सांगायला केवळ म्हाताऱ्यांची आठवण उरते. माप घ्यावयाचे ते भिंत उभी असतानाच.