सोपाऱ्याची शिळा आणि तुंगाराची वाट

आमचा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. हिमयुगातल्या सरकत्या बर्फाने तिकडची जमीन खरवडली आणि वितळताना मागे टेकाडे नि तळी टाकली. त्यांवर वाढलेल्या रानांतून तो सुटीच्या दिवशी हिंडतो. या दिवाळीत स्वारी वसईस यायची आहे. ‘मामा, एका दिवसात होईल, दमवील पण मोडणार नाही, अशी एखादी रानवाट आखून ठेवा,’ असा निरोप आला. आता बर्फ आम्ही कोठून आणावा? आमचा तुंगार अग्नीचा वंशज! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून कोरला गेलेला. हिमनदी नाही, पण रान आहे आणि चढही आहे, असे त्यास कळवले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बसलो आणि आठवला सम्राट अशोक. वाचक हसतील, पण आमच्या पंचक्रोशीत सहलीविषयी कोरलेला सर्वांत जुना मजकूर त्याचाच आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उघडला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, अगदी आत सोन्याची, आणि भोवती बुद्धाच्या आठ मूर्ती. लोकांच्या तोंडी आजही आहे ते हेच सोने. पण त्याच वर्षी त्यांना तेथे ब्राह्मी लिपीतल्या फुटक्या शिळेचा एक तुकडा मिळाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. अशोकाच्या चौदा लेखांपैकी आठव्याचा तो अंश. पुढे 1956 साली भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपारे तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. देशोदेशीचे खलाशी आणि व्यापारी जेथे उतरत, तेथे राजाने आपले म्हणणे दगडात कोरून ठेवले.

या आठव्या लेखाचा विषय काय, तर यात्रा! पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, म्हणजे शिकार आणि तसलीच मौज. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत करायचे काय, याची चक्क यादी आहे: श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी आणि दान, वृद्धांचे दर्शन आणि त्यांना सुवर्ण, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे. कोठले रान गाठावे, किती कोस चालावे, याचा शब्द नाही. राजाने सहलीची आखणी माणसांवरून केली.

आमची गेल्या वर्षीची सहल मात्र निव्वळ विहारयात्रा होती, आणि तीही फसलेली. दहा वाजता निघालो. तुंगारेश्वराच्या देवळापाशी फराळाला बसलो ते उठेचनात. वर पठारावर पोचेतो दोन वाजून गेले. ‘आलोच आहोत तर आणखी थोडे’ म्हणत पुढे गेलो. पाणी संपले. कार्तिकातला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि सागाच्या रानात त्याच्याही आधी. बिबट्याचे नाव कोणी काढीना, पण मनात तोच. पायवाट चुकून भलत्याच बाजूस उतरलो. पायथ्याच्या एका पाड्यावरच्या आजींनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग नातवाला विजेरी देऊन आम्हाला रस्त्यावर पोचते केले. पैसे देऊ लागलो तर त्यांनी हात मागे घेतला. आणि मी, गावोगाव इतिहास सांगत फिरणारा माणूस, त्यांचे नावसुद्धा न विचारता निघून आलो. ते वर्षभर सलते आहे.

तेव्हा यंदाचा बेत असा. वसई रोडला पहिल्या गाड्यांपैकी एकीने उतरायचे, रिक्षाने महामार्गावरच्या तुंगारेश्वर फाट्याला सात वाजता. 2003 पासून हे अभयारण्य आहे, सुमारे 85 चौरस किलोमीटरचे. नाक्यावर शुल्क भरायचे, आत चूल पेटवायची नाही. देवळापर्यंतचा रस्ता सोपा. ओढ्यांना दिवाळीत पाणी असते, पण ते पिण्यासाठी धरायचे नाही, दर माणशी तीन लिटर घरून. खरा चढ देवळापुढे. पठाराची उंची दोन हजार फुटांवर आहे. न धावता, न थबकता चढलो तर साडेअकराला माथा. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेस इमारतींच्या गर्दीत सोपारे कोठे असेल ते भाच्याला बोटाने दाखवायचे, पलीकडे समुद्र. 1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतलेला वसईचा किल्लाही त्याच बाजूस. पण त्याची गोष्ट मी सुरू केली तर साडेबाराला परत फिरणे होणार नाही, म्हणून ती गाडीसाठी राखून ठेवली आहे.

साडेबारा म्हणजे साडेबारा, मग माथा कितीही जवळ असो. कारण तीन वाजेपर्यंत मला त्या पाड्यावर पोचायचे आहे, या खेपेस वाट न चुकता. सुवर्ण आमच्यापाशी नाही. फराळाचा एक डबा वेगळा भरायला घरात सांगून ठेवले आहे. चकली नको म्हटले, आजींना दात थोडे. बेसनाचे लाडू भरा.