रायफलीच्या नळीतून स्वयंपाकघरात

अंबाला छावणीत माझी बदली झाली तेव्हा घरून पहिला हुकूम आला तो पातेल्यांचा. "तिथून जगाधरी जवळ आहे म्हणतात. भांडी तिथूनच आणा, आणि या वेळी नीट बघून आणा," असं सौभाग्यवतींनी बजावलं.

'या वेळी' या दोन शब्दांमागे इतिहास होता. आधीची पोस्टिंग पोर्ट ब्लेअरची. तिकडे जाण्यापूर्वी एका दुकानातून मी चार पातेली आणि एक कढई घेतली होती. प्रत्येकाच्या बुडावर '३०४' असा ठळक ठसा. समुद्राची खारी हवा लागली आणि सहा महिन्यांत कढईच्या कानांजवळ तांबूस ठिपके उठले. "स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं ना हो?" हा प्रश्न मी पुढची दोन वर्षं रोज जेवताना ऐकला. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अंबाल्याहून सहारनपूरकडे जाणाऱ्या गाडीने साधारण पन्नास किलोमीटरवर यमुनानगर-जगाधरी स्टेशन लागतं. जगाधरी हे भांड्यांचं गाव. अठराव्या शतकात बुडियाच्या राय सिंगने इथे व्यापारी आणि कारागीर वसवले. पितळेच्या भांड्यांसाठी गावाचं नाव झालं आणि पुढे त्याच गल्ल्यांत स्टील आणि ॲल्युमिनियम आलं. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, त्या प्रेसखाली दाबून खोलगट करायच्या, काठ वळवायचे आणि मग पॉलिश. पॉलिश करणारा माणूस संध्याकाळी धुळीने इतका काळा झालेला असतो की त्याच्या हातातलं पातेलं जास्तच चकाकतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारखानदाराला मी माझ्या कढईची कथा सांगितली. तो हसला. "सूबेदार साब, स्टील एक नहीं होता. आपने ठप्पा खरीदा था, बर्तन नहीं." त्या एका वाक्याने मला या धातूचा इतिहास वाचायला लावलं. वाचायला लागलो आणि चकितच झालो, कारण या गोष्टीची सुरुवात आपल्याच खात्यात आहे.

१९१२ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ रायफलींच्या नळ्यांवर काम करत होता. गोळीबाराच्या उष्णतेने नळी आतून झिजते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. झीज कमी व्हावी म्हणून त्याने पोलादात क्रोमियम मिसळून पाहिलं. १९१३ साली सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं पोलाद तयार झालं. तपासणीसाठी नमुन्याला आम्ल लावलं, तर एरवी पोलाद चरतं तसं हे चरेना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्याला काही करू शकला नाही. शेफील्ड हे सुऱ्यांचं शहर. रायफलीसाठी सुरू झालेला शोध असा जेवणाच्या टेबलावर पोचला.

त्याच काळात जर्मनीतल्या एसेन शहरात, तोफांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रुप कंपनीत, माउरर आणि श्ट्राउस हे दोघे क्रोमियमबरोबर निकेलही मिसळत होते. त्यांचं पेटंट १९१२ चं. दोन वर्षांनी दोन्ही देश एकमेकांवर तोफा डागत होते. आपल्या घरातलं चांगलं पातेलं त्या जर्मन क्रोमियम-निकेल पोलादाच्या कुळातलं. पुढे १९२४ साली शेफील्डमध्येच त्याचं अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हे प्रमाण बसलं. पेटीवर '१८/८' लिहिलेलं असतं ते हेच, आणि '३०४' म्हणजेही जवळपास तेच.

यात गंज रोखतं ते क्रोमियम. हवेतल्या प्राणवायूशी मिळून ते पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं. ओरखडा पडला तर थर स्वतःहून पुन्हा भरून येतो. जखम भरणारी कातडीच म्हणा ना. पण मीठ हा त्या कातडीचा शत्रू आहे. आणि कातडी मुळातच अशक्त असेल, तर पोर्ट ब्लेअरसारख्या ठिकाणी ती हरते.

अशक्त कातडीचं कारणही पुन्हा युद्धच! कोरियाच्या युद्धाच्या वेळी अमेरिकेत निकेलची टंचाई झाली, तेव्हा निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं स्टील पुढे आलं. २०१, २०२ ही त्याची नावं. निकेल आपल्याला बाहेरून आणावं लागतं आणि ते महाग, म्हणून भारतात हे २०० क्रमांकांचं स्टील भरपूर चाललं. ते वाईट नाही. ताटं, वाट्या, कोरडे डबे यांना पुरेसं आहे. फक्त ते ३०४ च्या भावाने विकू नये. माझी कढई बहुधा त्याच जातीची होती.

आपल्याकडे आधी बाहेरचा पत्रा येत असे. तमिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्याची पायाभरणी १९७० साली झाली आणि १९८१ च्या सुमारास तिथून स्टेनलेस पत्रा निघू लागला. १९९२ पासूनचं एक रुपयाचं छोटं नाणं आठवतंय? तेही स्टेनलेसच. त्याला लोहचुंबक चिकटतो, कारण त्यात क्रोमियम असलं तरी निकेल नाही. म्हणून 'चुंबक चिकटला तर स्टील खोटं' हे अर्धसत्य आहे. ३०४ आणि २०२ या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे या दोघांतला फरक चुंबक सांगू शकत नाही. त्यासाठी रसायनाचा थेंब टाकून बघायची छोटी बाटली मिळते. मँगनीज जास्त असेल तर थेंबाचा रंग बदलतो. म्हाताऱ्याने ती काढून दाखवली तेव्हा मी मनातल्या मनात त्या जुन्या दुकानदाराची परेड घेतली. आता २०२४ साली केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे. तेव्हा चिन्ह बघा आणि पक्कं बिल मागा.

त्या दिवशी शिकलो ते थोडक्यात सांगतो. आमटी, रस्सा, कढी यांसाठी ३०४ घ्या. स्टील उष्णता नीट पसरवत नाही, तांबं तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त चांगलं पसरवतं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध मधोमध लागतं. बुडात ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर दाबून बसवलेलं जाड भांडं घ्या. इंडक्शन शेगडी असेल तर तिथे मात्र बुडाला चुंबक चिकटायलाच हवा. आंच मध्यम ठेवा. परतायचं असेल तर भांडं आधी तापवा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा धावू लागला की तेल घाला, पदार्थ चिकटत नाही. मीठ पाणी उकळल्यावर टाका. थंड पाण्यात टाकलेलं मीठ बुडाशी बसून बारीक खड्डे पाडतं. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण भांड्यावर राहून गंजतात. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून उकळा. लोणचं मात्र बरणीतच!

निघताना कारखान्याच्या मागच्या अंगणात जुन्या पितळेचा ढीग दिसला. हंडे, तपेली, परात. वितळवायला आणलेले. बहुतेकांवर नावं कोरलेली होती, कुठे देवनागरीत, कुठे गुरुमुखीत, कुठे उर्दूत. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मी भरती होऊन ट्रेनिंग सेंटरला गेलो, त्याच वर्षी आईने आजीच्या नावाचा हंडा मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले होते. तोही अशाच एखाद्या ढिगात गेला असणार.

सुट्टीवर गेल्यावर मी आईजवळ ते बोलून दाखवलं. आजीचं नाव होतं गं त्यावर, ठेवायला हवा होतास. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू उचलला होतास का रे तो कधी भरून? विहिरीवरून? चिंच आणि राख लावून घासला होतास? कल्हईवाला दोन महिने आला नाही की तपेल्यातलं ताक कळकायचं. सगळ्या घराची पोटं बिघडायची आणि बोलणी मला बसायची. सासूबाईंचं नाव होतं हे खरं. पण सासूबाईंचीच पाठ मोडली होती त्या हंड्यानं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ढिगापाशी उभं राहून मी फक्त नावं वाचली होती, वजन उचललं नव्हतं. स्टील आपल्या घरात नुसती फॅशन म्हणून आलं नाही. आपल्या आयांनी ते हंडे मोडीत घालून, म्हणजे घरातली जपलेली पुंजी देऊन विकत घेतलं, आणि बदल्यात कल्हईची वाट बघण्यातून सुटका मिळवली. म्हणूनच ते घेताना आपण फसू नये. चार पैसे वाचवायला ठशावर विश्वास ठेवणं, हा त्या सौद्याचा अपमान आहे.

जगाधरीची पातेली आजही आमच्याकडे आहेत. चार बदल्या आणि काळ्या ट्रंकांतले धक्के खाऊन कडा थोड्या चेमटल्या, पण डाग नाही. त्यांतल्या सर्वांत मोठ्या पातेल्यावर मी नाव घालून घेतलं आहे. आजीचं.

तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यांवरची नावं एकदा वाचून पाहा. आणि जमलं तर, ती घासणाऱ्या हातांची गोष्टही विचारून घ्या.

जय हिंद.