लाओसमधले न फुटलेले बॉम्ब : युद्ध संपलं म्हणजे काय झालं?

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण आमची वाट तत्त्वज्ञानाची. त्यामुळे अधूनमधून आम्ही सनावळी सोडून शब्दांशी झटापट करू लागलो, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

शाळेच्या पुस्तकात प्रत्येक युद्धाला दोन तारखा असतात, सुरू झाल्याची आणि संपल्याची. मुलं त्या पाठ करतात आणि त्याचे गुण मिळवतात. लाओस या देशाच्या बाबतीत ही दुसरी तारीख कोणती लिहायची, हा आजचा प्रश्न. २१ फेब्रुवारी १९७३ रोजी व्हिएनतियान इथे युद्धबंदीचा करार झाला. काही आठवड्यांत अमेरिकेचे बॉम्बहल्लेही थांबले. डिसेंबर १९७५ मध्ये राजेशाही गेली, नवी राजवट आली. म्हणजे कागदावर सगळं आटोपलं. आणि तरीही लाओ सरकारने केलेल्या पाहणीनुसार १९६४ ते २००८ या काळात न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे आणि सुरुंगांमुळे जी ५०,००० हून अधिक माणसं मेली किंवा जायबंदी झाली, त्यांतली सुमारे २०,००० युद्ध थांबल्यानंतरची आहेत. त्यांतली कितीतरी तर तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती.

मुळात लाओसवर बॉम्ब पडलेच का? लाओस हा डोंगराळ, समुद्रकिनारा नसलेला देश. पूर्वेला त्याची लांबच लांब सीमा व्हिएतनामला लागून आहे. १९५४ मध्ये जिनिव्हात हिंदी-चीनच्या प्रश्नावर तोडगा निघाला तेव्हा देखरेखीसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. भारत, कॅनडा आणि पोलंड हे त्याचे सदस्य होते आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. पुढे १९६२ मध्ये चौदा राष्ट्रांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. भारताचीही सही त्यात आहे. परकीय सैन्याने लाओसमध्ये राहायचं नाही, असं ठरलं. उत्तर व्हिएतनामने आपलं सैन्य पुरतं काढलं नाही आणि दक्षिणेकडे रसद नेणारी हो चि मिन्ह वाट लाओसच्या पूर्व भागातून चालूच ठेवली. अमेरिकेने उघडपणे सैन्य न पाठवता वरून बॉम्ब टाकले. तटस्थतेचा करार मोडल्याचं कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून या युद्धाला ‘गुप्त युद्ध’ असं नाव पडलं. आता ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्याच्यापासून ते काय गुप्त राहणार! गुप्त होतं ते अमेरिकेच्या नागरिकांपासून.

आकडे सांगतो, पण ते नुसते ऐकू नका. कागद-पेन्सिल घ्या. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत सुमारे ५,८०,००० उड्डाणं झाली आणि २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. नऊ वर्षांची मिनिटं काढा आणि उड्डाणांनी भागा. दर आठ मिनिटांना एक विमान, अहोरात्र, नऊ वर्षं. त्या बॉम्बमधून जे छोटे बॉम्ब विखुरले, त्यांची संख्या २७ कोटींच्या घरात धरतात. त्या वेळी लाओसची लोकसंख्या तीस लाखांपेक्षा कमी होती. म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी नव्वदच्या वर.

हे छोटे बॉम्ब म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. भूसुरुंग म्हटलं की आपल्याला गडचिरोलीच्या बातम्या आठवतात. तिथे सुरुंग कुणीतरी मुद्दाम पेरलेला असतो. लाओसमधली मुख्य अडचण निराळी आहे. तिथे विमानातून एक मोठं कवच सोडलं जाई, ते हवेत उघडे आणि त्यातून सहाशेहून अधिक गोळे बाहेर पडत. गोळा टेनिसच्या चेंडूएवढा, आत स्फोटक आणि भोवती पोलादाच्या शेकडो गोळ्या. लाओ लोक त्याला ‘बॉम्बी’ म्हणतात. नाव ऐकायला किती लाडकं आहे! या गोळ्याच्या अंगावर पट्ट्या असतात. त्यांच्यामुळे तो पडताना गरगर फिरतो, त्या फिरण्याने आतली कळ मोकळी होते आणि जमिनीवर आपटला की फुटतो. पण फिरणं कमी पडलं, गोळा दाट झाडीत अडकला, किंवा भातखाचराच्या मऊ चिखलात अलगद रुतला, तर तो फुटत नाही. आणि मग तो निकामीही नसतो. कळ अर्धवट मोकळी झालेली असते. पुढे पन्नास वर्षांनीसुद्धा एक धक्का पुरतो. असे न फुटलेले गोळे तीस टक्क्यांपर्यंत असावेत असा अंदाज आहे. २७ कोटींचे तीस टक्के म्हणजे आठ कोटी.

आपली वर्तमानपत्रं अशा वस्तूला ‘जिवंत बॉम्ब’ म्हणतात, ‘जिवंत काडतूस’ म्हणतात. जे मारू शकतं ते जिवंत, आणि मारण्याची ताकद संपली की ते मेलं! भाषेने हा उलटा हिशोब कुठून घेतला, यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

उत्तरेकडे शिएंग ख्वांग प्रांतात एक प्रसिद्ध पठार आहे. तिथे दगडाचे प्रचंड रांजण विखुरलेले आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीपासूनचे. अंत्यसंस्काराशी त्यांचा संबंध असावा असं पुरातत्त्वज्ञ मानतात. २०१९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं, पण त्याआधी तिथली जमीन बॉम्ब काढून चालण्याजोगी करावी लागली. युद्धात या भागातले लोक गुहांत राहत, रात्रीचे शेतात येत. पुष्कळांना गाव सोडून जावं लागलं. युद्ध थांबल्यावर ते परतले आणि शेतकरी जे करतो तेच त्यांनी केलं. कुदळ उचलली.

आणि इथेच माणसं मरू लागली. कुदळ डोक्यापर्यंत उचलून मातीत हाणायची असते. खाली बॉम्बी असला तर तो घाव थेट त्याच्यावर. त्या काळात लाओसमध्ये काम करणारे काही अमेरिकन होते, मेनोनाइट आणि क्वेकर पंथांच्या सेवासंस्थांचे. युद्धाला विरोध हा त्यांच्या धर्माचाच भाग. त्यांच्याकडे बॉम्ब काढायचं तंत्र नव्हतं. त्यांनी काय केलं? गावोगाव फावडी वाटली. आपलं फावडं नव्हे, तेही आपण कुदळीसारखं उचलूनच मारतो. ती होती पायाने दाबून हळूहळू मातीत रुतवायची, सरळ पात्याची फावडी. घाव नाही, दाब. तेवढ्या फरकाने माणूस वाचण्याची शक्यता वाढते. या प्रश्नाच्या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. करार, परिषदा, घोषणा सगळं नंतर आलं. आधी आलं ते एक अवजार. पण त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. बॉम्ब टाकला एकाने आणि माती खणायची पिढीजात पद्धत बदलावी लागली दुसऱ्याला. चूल पेटवायची तर खालच्या मातीत काही आहे का हा विचार, कारण उष्णतेनेही गोळा फुटतो. पोरांना चेंडू सापडला तर उचलू नका, हे शाळेत शिकवावं लागतं.

मग कुणी म्हणेल, धोका माहीत असूनही लोक हे धातूचे तुकडे गोळा करून विकतात, त्याला कोण काय करणार? करतात खरं. बॉम्बच्या कवचाचे खांब लावून घरं उभारली आहेत, विमानांच्या इंधनटाक्यांच्या होड्या केल्या आहेत, एका गावात तर ॲल्युमिनियम वितळवून चमचे करण्याचा धंदाच आहे. पोलादाचा भाव वाढला तेव्हा स्वस्तातले डिटेक्टर घेऊन लोक रानात शिरले आणि मेले. याला बेपर्वाई म्हणण्याआधी आपल्याकडे पाहू या. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात लष्कराच्या सराव क्षेत्रालगतच्या गावांत भंगारासाठी गोळ्यांचे तुकडे वेचताना माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव इथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत जवळपासच्या गावातले मजूर होते. पोटासाठी घेतलेल्या निर्णयाला ‘स्वेच्छा’ म्हणायचं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आता मुख्य मुद्दा. युद्धनीतीच्या चर्चेत एक भेद नेहमी केला जातो, हेतूचा आणि परिणामाचा. नागरिकांना मारायचा हेतू नव्हता, ते अनवधानाने मेले, असं म्हटलं की जबाबदारी हलकी होते. हा भेद पूर्णपणे खोटा नाही. डॉक्टरही असाच विचार करतात. पण एका कवचात सहाशे गोळे, त्यांतला ठरावीक हिस्सा फुटणार नाही, हे वापरताना माहीत असेल आणि वापर नऊ वर्षं चालू असेल, तर तो अपघात राहत नाही. कोण मरणार हे माहीत नसतं, पण कुणीतरी मरणार हे नक्की असतं. नाव ठाऊक नसल्यामुळे जबाबदारी कमी होते, असं मानणारा युक्तिवाद आम्हाला तरी सापडलेला नाही.

कांटने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याची पहिलीच अट अशी की, पुढच्या युद्धाची सामग्री गुपचूप राखून केलेला करार हा शांततेचा करार मानायचा नाही, तो फक्त युद्धविराम. कांटच्या मनात राज्यकर्त्यांचे छुपे दावे होते, मातीतले गोळे नव्हते. तरी अट लाओसला चपखल बसते.

म्हणून ‘मदत’ हा शब्द आम्हाला खटकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये बराक ओबामा लाओसला गेले, पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. लाओसला सावरायला मदत करणं हे आपल्या देशाचं नैतिक कर्तव्य आहे असं ते म्हणाले आणि तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. कर्तव्य शब्द वापरला हे मोठंच. पण कायद्याने ते देणं ठरत नाही. १९९७ चा ओटावा करार माणसांविरुद्धच्या सुरुंगांपुरता आहे. २००३ चा युद्धोत्तर स्फोटक अवशेषांवरचा मसुदा जबाबदारीबद्दल बोलतो, भारतानेही तो स्वीकारला आहे, पण त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या पुढच्या युद्धांना लागू होतात. २००८ मध्ये क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार झाला, १ ऑगस्ट २०१० पासून तो अमलात आला आणि सदस्य देशांची पहिली बैठक मुद्दाम व्हिएनतियानला भरली. अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत. आपणही नाही आहोत, ना यात, ना ओटावा करारात. लांब सीमा राखायची तर सुरुंग लागतात, असं आपलं सरकार म्हणतं. ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी २००१-०२ मध्ये पंजाब, राजस्थान, जम्मूतल्या शेतांत सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि काढताना आपलेच जवान गेले. तेव्हा दुसऱ्याला उपदेश करताना आपला आवाज थोडा खाली असलेला बरा. २०२५ मध्ये तर लिथुआनिया क्लस्टर करारातून बाहेर पडला, आणि फिनलंड, पोलंड व तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने ओटावा करार सोडायचं ठरवलं. भीती खरी आहे. पण पेरलेल्या जमिनीचं पुढे काय करायचं, याचं उत्तर भीतीकडे नसतं.

शेवटी, प्रत्यक्ष काम कसं चालतं? १९९४ मध्ये ब्रिटनच्या एका संस्थेने मेनोनाइटांच्या साथीने शिएंग ख्वांगमध्ये सुरुवात केली. १९९६ मध्ये ‘यूएक्सओ लाओ’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. काम करणारे बहुतेक तिथलेच गावकरी, स्त्रियांची स्वतंत्र पथकंसुद्धा. दोऱ्या ताणून जमिनीच्या अरुंद पट्ट्या पाडतात. डिटेक्टर वाजला की गुडघ्यावर बसून बाजूने हळूहळू माती काढायची. बहुतेक वेळा खिळा निघतो, पत्र्याचा तुकडा निघतो. तरीही प्रत्येक आवाज बॉम्बीचाच समजायचा. सापडला तर शक्यतो हलवायचा नाही, लोकांना दूर करून तिथेच उडवायचा. २००८ च्या सुमाराला वर्षाला तीनशेच्या आसपास बळी पडत, आता ते शंभराच्या पुष्कळ खाली आहेत. यात मोठा वाटा या लोकांचा.

एक तपशील मात्र लक्षात ठेवा. शेतजमीन साधारण २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत साफ केली जाते. भाताला तेवढी पुरते, नांगराचा फाळ त्याखाली जात नाही. त्याच जागेवर उद्या शाळा बांधायची ठरली, पाया खणायचा झाला, की पुन्हा पथक बोलवावं लागतं, पुन्हा दोऱ्या ताणाव्या लागतात. म्हणजे ‘साफ’ हा शब्दही कशासाठी साफ, किती खोल साफ, हे विचारूनच वापरायचा. वेळ झाली आहे. आता प्रश्न घेऊ.