दंगल नव्हे

दंगल म्हटली की मराठी मनासमोर प्रथम कुस्तीचा आखाडा उभा राहतो : समोरासमोर दोन मल्ल, दोघांचेही पाठीराखे, आणि अखेर हारजीत. हाच शब्द आम्ही जमावाच्या हिंसेला लावतो, तेव्हा नकळत दोन पक्ष गृहीत धरतो. दिल्लीत १९८४ साली जे घडले, त्याला हा शब्द शोभतो काय ?

त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्या दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. हात दोघांचे, शिक्षा मात्र पगडी पाहून वाटली गेली. पुढील काही दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, असा आकडा आहुजा समितीने १९८७ साली निश्चित केला. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी या गरीब वसाहतींत माणसे जिवंत जाळण्यात आली. कित्येकांनी जीव वाचविण्यासाठी केस कापले. धर्माने जे आजन्म राखावयास सांगितले, ते स्वतःच उतरवून जगावे लागणे, ही जखम कोणत्याही पंचनाम्यात मावत नाही.

वाचलेल्यांची दुसरी परीक्षा सरकारी कागदांवर झाली. अनेक खुनांची मिळून एकच फिर्याद नोंदली गेली. मृताला स्वतःचा असा कागदही लाभला नाही. मृत्यूची भरपाई प्रथम १० हजार रुपये, नंतर २० हजार. ती साडेतीन लाखांवर जाण्यास १९९६ सालचा उच्च न्यायालयाचा निर्णय लागला. विधवांना टिळक विहारात घरे मिळाली आणि वस्तीचे नाव 'विधवा कॉलनी' पडले. तेथील मुलांना पत्ता सांगतानाच बापाचा मृत्यूही सांगावा लागला.

पती आणि पुत्र गमावलेली एक स्त्री मात्र साक्षीपासून ढळली नाही. खालच्या न्यायालयाने २०१३ साली माजी खासदार सज्जन कुमार यांना निर्दोष सोडले. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्यांना जन्मठेप दिली. त्या निकालपत्राने या हत्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले. योग्य शब्द सापडावयास ३४ वर्षे लागली.

कागदांवरच ज्यांचे आयुष्य जाते अशा आम्हां नोकरदारांना यातून एवढे उमजावे : टिपणीतला शब्द निरुपद्रवी नसतो. जेथे एक पक्ष मारणारा आणि दुसरा केवळ मरणारा होता, तेथे 'दंगल' लिहिणे म्हणजे मृतांनाच आखाड्यात उतरविणे होय.