पंचवीस अक्षरांची किल्ली

जुलै २०१६ मधला शनिवार. सकाळी सकाळी काकांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर बसलाय. येतोस का?"

काका म्हणजे जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. निवृत्तीनंतर घरी डीटीपीची कामं करायचे. गेलो तर हार्ड डिस्क गेलेली. कामाचा बॅकअप होता हे नशीब. विंडोज १० चं फुकट अपग्रेड २९ तारखेला बंद होणार होतं, म्हटलं आता नव्या डिस्कवर १० च टाकू. २०१५ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत आधी जुनं विंडोज टाकून मग त्यावर १० चढवावं लागे, पण त्या नोव्हेंबरपासून ७ ची प्रॉडक्ट की सरळ १० ला चालू लागली होती.

फक्त की हवी! विंडोज ७ चा बॉक्स घर आवरताना रद्दीत गेला होता. कोणी टाकला? अस्मादिकांनीच. उरली होती काकांनी डायरीत हाताने उतरवलेली पंचवीस अक्षरं. टाइप केली. चालेना. परत केली. तेच.

तर मंडळी, काकू पोहे करेपर्यंत थोडा इतिहास.

सॉफ्टवेअर हे विकत घ्यायचं असतं हे लोकांना पटवण्यापासूनच सुरुवात झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून उघड पत्र लिहिलं: आमचं आल्टेअर बेसिक तुम्ही बहुतेकजण पैसे न देता वापरता! पण नुसत्या पत्राने कोण ऐकतंय? मग आले नंबर.

विंडोज ९५ च्या दुकानात मिळणाऱ्या सीडीची की दहा अंकी. तपासणी काय, तर शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला ७ ने भाग जायला हवा, आणि पहिले तीन अंक ३३३, ४४४ असल्या काही ठरावीक जोड्यांपैकी नसावेत. म्हणजे दहाही ठिकाणी १ टाकला तरी कुलूप उघडायचं! चौथीतल्या पोरालाही जमेल असं गणित.

विंडोज ९८ पासून पाच-पाचचे पाच गट आले. २००१ च्या एक्सपीत की मध्ये चक्क डिजिटल सही होती, ती बेरीज करून बनवता येत नाही. शिवाय अ‍ॅक्टिव्हेशन: तुमच्या यंत्रातल्या दहाएक भागांवरून एक ठसा बनायचा आणि तीस दिवसांत तो इंटरनेटवरून नाहीतर फोनवरून कंपनीकडे नोंदवायचा. कंपन्यांसाठीच्या घाऊक की ला मात्र यातून सूट होती. अशीच एक की एक्सपी बाजारात यायच्या आधीच फुटली आणि जगभर फिरली. २००२ च्या सर्व्हिस पॅकने ती नाकारली. गणिताच्या दृष्टीने की अगदी बरोबर होती, पण यादीत तिच्यावर फुली पडली. इथे मामला बदलला. की बरोबर असणं पुरेसं राहिलं नाही, वर कुणीतरी 'हो' म्हणावं लागू लागलं.

असो. पोहे आले. खाता खाता डायरीकडे पाहिलं आणि ट्यूब पेटली. विंडोज ७ पर्यंतच्या या कीमध्ये फक्त चोवीस चिन्हं वापरतात. इंग्रजी स्वर नाहीत, आणि घोळ नको म्हणून शून्य, एक, पाचही नाहीत. काकांच्या डायरीत मात्र एक स्वच्छ शून्य होतं!

"काका, हे शून्य असूच शकत नाही. क्यू किंवा डी असणार."

"आणि हा बी मलाच आठसारखा वाटतोय," काका म्हणाले. ही जोडी मात्र चोवीसात शिल्लक आहे, बघा. दोन जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे चारच प्रयत्न. तिसऱ्याला उघडलं.

काकांनी लाल पेन घेतलं आणि प्रूफ तपासावं तशी डायरीतली दोन्ही अक्षरं समासात दुरुस्त केली. मग विचारलं, "आता नव्याचा नंबर सांग, खाली लिहून ठेवतो."

काय सांगणार? त्या फुकट अपग्रेडमध्ये प्रत्येकाला वेगळा नंबर नव्हताच. परवाना कंपनीच्या सर्व्हरवर, त्या मदरबोर्डच्या नावाने. ऑगस्ट २०१६ पासून तो ईमेल खात्याला जोडता येऊ लागला, म्हणजे बोर्ड बदलला तर निदान ओळख सांगता येते.

आम्ही घाई केली ती २९ जुलैची. प्रत्यक्षात जुन्या की त्यानंतरही कित्येक वर्षं चालत होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ते दार बंद केल्याचं जाहीर केलं. काकांची दुरुस्त केलेली की आजही अक्षरन् अक्षर बरोबर आहे, पण नव्या विंडोजला चालत नाही.

तेव्हा घरच्या मोठ्यांचा कॉम्प्युटर अपग्रेड करणार असाल, तर आधी ते कुठल्या खात्याने जोडलंय ते बघा आणि डायरीत तेच लिहून ठेवा. किल्ली आता तिथे असते.