बसऱ्याचा तळ

'बसऱ्याचे मोती' हा शब्दप्रयोग मराठी घरांत जुना आहे. शत्-अल्-अरब नदीच्या काठचे ते शहर कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिले, ते मात्र मोत्यांच्या निमित्ताने नव्हे. 22 नोव्हेंबर 1914 रोजी हिंदुस्थानातून गेलेल्या ब्रिटिश फौजेने तुर्कांकडून बसरा घेतले. या फौजेचा गाभा सहाव्या 'पुणे डिव्हिजन'चा होता आणि तिच्यात 103, 110 व 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. पुढची चार वर्षे बसरा हा मेसोपोटेमियातील मोहिमेचा मुख्य तळ राहिला.

तळ म्हणावा असे तेथे आरंभी काहीच नव्हते. मोठ्या जहाजांना लागण्याजोगा धक्का नसल्यामुळे ती नदीच्या मध्यावर नांगर टाकून आठवडेच्या आठवडे तिष्ठत उभी राहत आणि माल 'महैला' नावाच्या देशी गलबतांतून काठावर उतरवला जाई. काठ म्हणजे खजुरीच्या बागा, त्यांतून फिरणारे भरती-ओहोटीचे कालवे आणि पलीकडे सपाट वाळवंट. हिवाळ्यात चिखल आणि वसंतात पूर, म्हणून तंबूंभोवती मातीचे बांध घालावे लागत. पाऊस ओसरला की थोड्याच दिवसांत उन्हाचा असह्य ताप सुरू होई. नदीचेच पाणी पिण्यासाठी, नदीचेच धुण्यासाठी. पटकी आणि हगवण यांना वेगळे निमंत्रण नको होते. रंगून बंदराचे प्रमुख सर जॉर्ज ब्यूकॅनन बंदराची व्यवस्था पाहण्यासाठी येथे आले ते जानेवारी 1916 मध्ये. तोवर एक वर्षाहून अधिक काळ उलटून गेला होता.

या तळावर दोन चुली होत्या असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. गोऱ्या सैनिकाला पाव आणि मांस, हिंदी शिपायाला पीठ, डाळ, तूप, गूळ, मीठ. ताजे मांस आणि भाजीपाला त्याच्या वाट्याला फार थोडा येई. परिणामी आजारही दोन झाले. पांढऱ्या मैद्याच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्यांत बेरीबेरी आढळला. कोंड्यासह पीठ खाणारे हिंदी त्यातून बचावले, परंतु त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनाशा झाल्या.

कूत-अल्-अमारा येथे 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत जनरल टाउनशेंड यांची फौज वेढ्यात अडकली. त्या वेळी या शिध्याचा प्रश्न धर्माचा प्रश्न म्हणून मांडला गेला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारण्यात आले. गोऱ्यांनी ते मांस खाल्ले, बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा तारेने मागवण्यात आली, ती मिळालीही. तरी शिपाई दीर्घकाळ बधले नाहीत. धर्मगुरूची तार गावच्या पंक्तीला लागू होत नाही, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा अधिक कळत होते. परतल्यावर आपल्या मुलींची लग्ने कशी होणार, ही त्यांची भीती नोंदली गेली आहे. एप्रिलमध्ये अनेकांनी अखेर ते मांस स्वीकारले. तोवर पिठाचे रोजचे प्रमाण चार-पाच औंसांवर आले होते. त्या पिठासाठी लागणारे जात्यांचे दगडसुद्धा विमानातून टाकावे लागले. फौजेच्या क्षीणतेचा दोष टाउनशेंड यांनी पुष्कळसा शिपायांच्या या हट्टाकडे वळवला. हे अर्धसत्य होय. 1916 च्या उन्हाळ्यात वेढ्याबाहेरच्या हिंदी फौजेतही स्कर्व्ही पसरला आणि तेथे घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता. रोगाचे मूळ शिपायाच्या पंक्तिभेदात जेवढे होते, त्याहून फार अधिक शिध्याच्या कोष्टकात होते.

जून 1917 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी पद सोडले आणि तळाची स्थिती सुधारत गेली. मागील येथे धक्के झाले, रेल्वे आली, भाजीचे मळे लागले. या कष्टाचा मोठा वाटा हिंदी मजुरांचा होता. शिक्षेत सूट देऊन तुरुंगांतून आणलेले कैदीही त्यांत होते.

या जीवनाचे आतून झालेले दर्शन बंगालीत सापडते. डॉक्टर कल्याण मुखर्जी यांची पत्रे, त्यांच्या बंदिवासातील मृत्यूनंतर, वृद्ध आजी मोक्षदा देवी यांनी 'कल्याण-प्रदीप' या 1928 च्या ग्रंथात आणली. बंगाल अँब्युलन्स कोअरचे शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' 1958 चे. बंदिवासात त्यांनी आपली रोजनिशी फाडून तिचे तुकडे बुटांत दडवले होते. हे दोघेही सुशिक्षित, वैद्यकीय सेवेतील. मराठा पलटणींतील बहुसंख्य शिपायांना लिहिता येत नव्हते. त्यांची पत्रे दुसऱ्याच्या हातची, आणि वाटेत तपासनिसाची नजर. भुकेविषयी त्यांत किती लिहिता येई, हे उघड आहे.

मागीलच्या धक्क्यावरच 1929 मध्ये बसरा स्मारक उभे राहिले. त्यावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हिंदी सैन्यातील मात्र अधिकाऱ्यांचीच. उरलेले 33 हजारांहून अधिक हिंदी शिपाई व मजूर त्या त्या पलटणीच्या नावापुढे केवळ आकड्याने नोंदले गेले. 1997 मध्ये हे स्मारक तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेण्यात आले.