घरबसल्या काम: मोकळीक किती, जबाबदारी किती

कातिब कोण असायचा, हे आता आपल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. उर्दू वर्तमानपत्रं आणि किताबं हाताने लिहिली जायची, त्या काळात मुंबईच्या भेंडी बाजारात कातिब मंडळी पानाच्या हिशोबाने काम घेत. नोकरी अशी नव्हती. हुनर आणि वेळेवर काम देण्याची जबान, एवढ्यावर घर चालायचं. १९९४ मध्ये इनपेज हे संगणकावर उर्दू लिहिण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि काही वर्षांत हा पेशा जवळजवळ संपला. ज्यांनी इनपेज शिकून घेतलं ते टिकले.

कोकणात आपल्या लोकांनी दुसरा रस्ता धरला. रत्नागिरी, रायगडच्या किती तरी घरांत अब्बा आखातात आणि मुलं त्यांना सुट्टीपुरतं ओळखतात, असं दोन पिढ्या चाललं. तिथे व्हिसा कफीलशी बांधलेला, त्यामुळे काम बदलायचं तरी परवानगी लागायची. म्हणून घरात बसून, आपल्या वेळेने आणि आपल्या मर्जीच्या गिऱ्हाइकाचं काम करून रोजी मिळवता येते, हे ऐकून तरुणांचे डोळे चमकतात. आमच्या शाळेतून बारावी होऊन गेलेल्या मुली आम्हाला हेच विचारायला येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘वर्क फ्रॉम होम’ म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, रिमोट नोकरी: पगार ठरलेला, पीएफ आणि रजा असू शकतात, फक्त ऑफिसला जायचं नाही. दोन, फ्रीलान्स म्हणजे स्वतंत्र काम: दर आपण सांगायचा, बिल आपण करायचं, काम नसेल तर पैसे नाहीत. तीन, नगावर मजुरी: जरीकाम, मणी ओवणं, सोलापूरकडे विड्या वळणं. हे कामही घरातच होतं, पण दर ठेकेदार ठरवतो. घरात बसणं आणि स्वतंत्र असणं एक नाही, हे या तिसऱ्या प्रकाराकडे पाहिलं की लगेच कळतं. आपल्या खाला-नानींनी वर्षानुवर्षं तेच केलं आहे.

स्वतंत्र कामात आपल्या लोकांकडे एक भांडवल आहे, ज्याची किंमत आपणच करत नाही: दोन भाषा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे तिथल्या जुन्या महसुली आणि जमिनीच्या कागदांत उर्दू मजकूर सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे लोक शोधावे लागले. वारसाहक्काची प्रकरणं, वक्फचे दस्तऐवज, जुने निकाहनामे यांचंही मराठी भाषांतर लागतं. त्याशिवाय उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ऑनलाइन ट्यूशन, व्हिडिओखाली मराठी ओळी देणं, प्रूफ तपासणं ही कामं आहेत. एक तांत्रिक गोष्ट मात्र शिकावीच लागते. जुन्या इनपेजमधला मजकूर वेबसाइटवर सरळ चिकटवता येत नाही, तिथे युनिकोड लागतं. दोन्ही येणाऱ्याला काम जास्त मिळतं. मशीनचं भाषांतर आल्यापासून साध्या मजकुराचे दर पडले, हेही खरं. पण जमिनीच्या कागदावर चूक झाली तर जबाबदारी कोण घेणार? तिथे माणूसच लागतो.

फायव्हरसारख्या प्लॅटफॉर्मवर परदेशी गिऱ्हाइक मिळू शकतं, पण विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के तो कापून घेतो. दर सांगताना हे धरून चला. अमेरिकेचं गिऱ्हाइक असेल तर त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. रमजानमध्ये काही जणांना हे सोयीचं पडतं, सहरीपर्यंत काम आणि मग झोप. बाकीचे अकरा महिने तब्येत बिघडते.

आता फसवणूक, कारण सगळ्यात जास्त घरं इथे पोळतात. ‘घरबसल्या टायपिंग करा’ म्हणून आधी नोंदणी फी मागणारा माणूस काम देत नाही, फी घेतो. काही जण करारावर सही घेतात आणि मग ‘तुमच्या टायपिंगमध्ये चुका निघाल्या, दंड भरा’ म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नका. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे देणारे पहिल्या दिवशी शंभर-दोनशे रुपये खरंच देतात, नंतर ‘टास्क’साठी आपलेच हजारो मागतात. आणि कुणी ‘तुमचं बँक खातं फक्त वापरायला द्या, कमिशन देतो’ म्हटलं तर साफ नकार द्या. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

ओळखीत काम घेतलं की लिहून मागायला आपल्याला शरम वाटते. ‘अपनेच लोग हैं’ म्हणून जबानीवर सोडतो आणि सहा महिने पैसे मागत फिरतो. कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. काम काय, दर किती, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे कधी, एवढं व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घ्या आणि अर्धी रक्कम आधी मागा.

कायद्याचा आधारही आहे. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी मोफत होते, आधार आणि पॅन पुरतं. त्याचे पैसे मागणारा एजंट उगाच मागतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचं बिल करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, करारच नसेल तर १५ दिवसांत. नाहीतर तक्रार करता येते. उशिराबद्दल हा कायदा चक्रवाढ व्याजही देतो. त्या व्याजाचं काय करायचं ते आपल्या आलिमांना विचारा, पण मुद्दल तुमच्या मेहनतीचं आहे, ते सोडायचं कारण नाही.

कराचं थोडक्यात. फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपन्या व्यावसायिक सेवेच्या मोठ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर बसत नाही, तरी रिटर्न भरत राहा. पगाराची स्लिप नसलेल्याला उद्या घरभाड्याचा करार किंवा मुलाचं शैक्षणिक कर्ज करताना तोच कागद कामाला येतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, आजारपणाची रजा यातलं काही मिळणार नाही. म्हणून महिन्याच्या कमाईतून काही भाग बाजूला काढल्याशिवाय ही मोकळीक टिकत नाही.

पालकांशी थोडं बोलायचं आहे. मुलगी लॅपटॉपवर बसली की ‘घरीच तर आहेस’ म्हणत चहा, पाहुणे, दळण सगळं तिच्याकडे येतं. मुलगा बसला की दार लावलं जातं. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही, राग येतो. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामच्या सफरीला गेले होते. व्यापार आणि भांडवल त्यांचं स्वतःचं होतं. शरीयतमध्ये बाईची कमाई तिचीच मिळकत आहे, नवऱ्याचा किंवा वडिलांचा तिच्यावर आपोआप हक्क होत नाही, आणि घरखर्चाची जबाबदारी तरीही पुरुषावरच राहते. ती खुशीने देईल ती तिची मर्जी. पण मुलीच्या कामाचे पैसे भावाच्या यूपीआयवर येत असतील, तर तिने कमावलेलं स्वातंत्र्य नेमकं कुणाच्या खिशात आहे? तिच्या नावाचं खातं, तिच्याच मोबाईल नंबरशी जोडलेलं, आणि दिवसातले ठरलेले चार तास दार बंद. शिलाई मशीन घेताना आपण पंधरा दुकानं फिरतो, यासाठी बँकेत एकदा जायचं आहे.